मस्जिदीच्या अंगणातील तंबू : हजरत रुफैदा अस्लमिया (रजि.)

वाचक बंधू-भगिनींनो, मस्जिदे नबवीचे प्रारंभीचे रूप डोळ्यांसमोर आणायचे म्हटले की आपल्या मनात काय उभे राहते? कच्च्या विटांच्या भिंती, खजुरीच्या खोडांचे खांब, झावळ्यांचे छप्पर, एका बाजूला सुफ्फ्याचा ओटा आणि तेथे बसून दीन शिकणारे निर्धन सहाबा. मकतबात गेलेल्या प्रत्येक मुलाला हे चित्र पाठ असते. त्याच मस्जिदीत एक तंबूही उभा होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या तंबूत धडे दिले जात नव्हते, निवाडे होत नव्हते. तेथे आजारी आणि जखमी माणसे पडलेली असत आणि एक सहाबिया त्यांची शुश्रूषा करीत. त्यांचे नाव हजरत रुफैदा (रजि.). या अंकात त्यांच्या जीवनाविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

हजरत रुफैदा (रजि.) अस्लम कबिल्यातील होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेस आल्यानंतर त्यांनी इस्लामची बैअत केली. इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये त्यांचा उल्लेख आहे, इमाम बुखारी यांच्या अल-अदबुल मुफ्रद या संग्रहात आहे आणि पुढे इब्ने हजर यांनी सहाबांच्या चरित्रकोशात त्यांना स्थान दिले आहे. इब्ने सअद यांच्या तबकातमध्ये हाच तंबू कुऐबा बिन्ते सअद अस्लमिया (रजि.) या नावाने नोंदलेला आहे. काही चरित्रकारांनी ही एकाच सहाबियाची दोन नावे मानली आहेत आणि पुढील लेखनात मी तेच धरून चाललो आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत हजरत रुफैदा (रजि.) यांचे वडील नामांकित वैद्य असल्याचे, त्यांनी स्त्रियांसाठी परिचर्येचे विद्यालय काढल्याचे, फिरती रुग्णालये चालविल्याचे मोठ्या थाटात लिहिलेले असते. जुन्या ग्रंथांत त्यांच्याविषयी जेमतेम काही ओळी आहेत आणि त्या ओळींत यांतले काहीही नाही. आपल्या पूर्वसूरींचा मोठेपणा वाढविण्यासाठी त्यांच्या नावावर पदरचे काही चढविण्याची गरज नसते. त्या थोड्या ओळींतच एवढे भरलेले आहे की त्या नीट वाचल्या तरी पुरे.

इब्ने इसहाक त्यांची ओळख करून देताना दोन गोष्टी सांगतात. एक, त्या जखमींवर औषधोपचार करीत. दुसरी, मुसलमानांपैकी ज्याचे पाहणारे कोणी नसे, जो उपेक्षित पडलेला असे, त्याच्या सेवेला त्यांनी केवळ अल्लाहकडील मोबदल्याच्या आशेने स्वतःला वाहून घेतले होते. पहिली गोष्ट आपण सर्व उचलतो आणि रणांगणावरील परिचारिका म्हणून त्यांचा गौरव करतो. मला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. लढाई वर्षातून काही दिवस चाले, आजारपण मात्र रोजचे होते. इब्ने इसहाक यांनी येथे जो अरबी शब्द वापरला आहे, तो आपल्याला परका नाही. एखादी वस्तू जाया गेली असे आपण मराठीत म्हणतो, त्या शब्दाचे मूळ तेच आहे. जी माणसे अशीच जाया गेली असती, त्यांच्यासाठी हा तंबू होता.

अशी माणसे मदीनेत कोण होती? आपले घरदार, भाऊबंद मक्केत टाकून आलेले मुहाजिर होते. सुफ्फ्यावरचे निराश्रित होते. गुलामगिरीतून मुक्त झालेले, ज्यांना कबिल्याचे पाठबळ नाही असे लोक होते. त्या काळी आजाऱ्याची सेवा ही घराची जबाबदारी होती, आणि घरच नसलेल्या माणसाला ताप आला तर त्याच्या कपाळावर हात ठेवणारे कोणी नसे. मदीनेची हवा मुहाजिरांना सोसली नव्हती. आल्या आल्याच हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने अंथरुणाला खिळले होते. पुढे उम्मुल मोमिनीन झालेल्या हजरत आयेशा (रजि.) तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन विचारपूस करीत होत्या.

अन्सारांनी यावर आपल्या परीने मार्ग काढला. मुहाजिर कोणाच्या घरी राहतील यासाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. उम्मुल अला (रजि.) या अन्सारी स्त्रीच्या घराच्या वाट्याला हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) आले. ते तेथेच आजारी पडले, आणि ज्यांच्याशी रक्ताचे कोणतेही नाते नव्हते त्या घरच्या माणसांनी त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. शुश्रूषा हे केवळ बायकांचे काम, असेही तेथे कोणी मानले नाही. हिजरी सन 2 (इ.स. 624) मध्ये बद्रची मोहीम निघाली, तेव्हा प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) गंभीर आजारी होत्या. त्यांचे पती हजरत उस्मान बिन अफ्फान (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) त्यांच्या सेवेसाठी मागे थांबविले, आणि मोहीम संपल्यावर बद्रमध्ये लढणाऱ्याचे पुण्य व त्याचा हिस्सा त्यांना दिला. आजाऱ्याच्या उशाशी जागविलेल्या रात्री बद्रच्या रणांगणाच्या बरोबरीने मोजल्या गेल्या. हे आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलांना सांगितले आहे?

अशा समाजात मस्जिदीच्या आवारात शुश्रूषेचा तंबू उभा राहिला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. त्याची जागा मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. आजारी माणूस वस्तीच्या टोकाला, नजरेआड ठेवला गेला नाही. जेथे पाच वेळा सारी मदीना एकत्र येई, तेथेच तो होता. नमाजला येणाऱ्या प्रत्येकाच्या कानी त्याचे कण्हणे पडत असेल. रुग्णाची विचारपूस हा एका मुसलमानाचा दुसऱ्यावरील हक्क आहे, असे आपण खुतब्यात सांगतो. तेथे तो हक्क बजावायला चार पावले पुरत होती.

त्या काळच्या उपचारांची साधने अगदी मोजकी होती. मध, हिजामा, काही वनस्पती आणि रक्त थांबत नसेल तर तापविलेल्या लोखंडाचा डाग. हिजरी सन 3 (इ.स. 625) मध्ये उहुदच्या दिवशी प्रेषितांचा (स.) चेहरा जखमी झाला. तेव्हा हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी आणून ओतत होते आणि हजरत फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. पाण्याने रक्त थांबण्याऐवजी वाढतच आहे हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी चटईचा एक तुकडा जाळला, त्याची राख जखमेवर दाबून धरली आणि रक्त थांबले. उपायापेक्षाही, चालू असलेल्या उपायाचा परिणाम काय होतो आहे यावरची त्यांची नजर पाहावी. ज्याला आपण आज परिचर्या म्हणतो, तिचे मर्म या नजरेत आहे.

हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव इतिहासात ठळकपणे येते ते हिजरी सन 5 (इ.स. 627) मध्ये, खंदकच्या लढाईत. मदीनेच्या उघड्या बाजूला खंदक खणून मुसलमान पलीकडच्या मोठ्या सैन्याला थोपवून उभे होते. औस कबिल्याचे सरदार हजरत सअद बिन मुआज (रजि.) त्या दिवशी जे चिलखत घालून निघाले ते त्यांना तोकडे होते. त्यांचे हात उघडे राहिले होते. स्त्रिया सुरक्षिततेसाठी एका गढीत होत्या. तेथून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांना जाताना पाहिले आणि सअद यांच्या मातेजवळ त्या तोकड्या चिलखताविषयी काळजी बोलून दाखविली. ती खरी ठरली. कुरैशच्या हिब्बान नावाच्या तिरंदाजाचा बाण नेमका उघड्या हाताला लागला आणि हातातली मोठी रक्तवाहिनी तुटली.

जखमी अवस्थेत सअद (रजि.) यांनी अल्लाहकडे दुआ मागितली. कुरैशशी आणखी संघर्ष व्हायचा असेल तर त्यासाठी मला आयुष्य दे, आणि तो संपला असेल तर हीच जखम माझ्या शहादतीचे कारण ठरव, असा तिचा आशय होता. प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने त्यांच्या जखमेला डाग दिला. हात सुजला, तेव्हा दुसऱ्यांदा डाग दिला. आणि मग त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवण्यास सांगितले. सअद (रजि.) यांना कोणी नव्हते असे नाही. ते एका मोठ्या कबिल्याचे सरदार होते, त्यांचे घर, आई, भाऊबंद सर्व मदीनेत होते. तरीही त्यांना तंबूत ठेवले गेले, कारण तेथून प्रेषितांना (स.) त्यांची जवळून विचारपूस करता येणार होती. निराधारांसाठी असलेल्या जागेत कबिल्याचा सरदार आणून ठेवला गेला. त्या तंबूची आणि तेथील शुश्रूषेची प्रतिष्ठा याहून निराळ्या शब्दांत सांगण्याची आवश्यकता नाही. आज आपण नेमके उलटे करतो. सरकारी दवाखाना गरिबांसाठी ठेवतो, स्वतः तिकडे फिरकत नाही, आणि मग तेथे व्यवस्था नाही म्हणून तक्रार करतो.

पुढचे दिवस कसे गेले, याची एक छोटी नोंद अल-अदबुल मुफ्रदमध्ये आहे. प्रेषित (स.) तंबूजवळून जात तेव्हा संध्याकाळी सअद यांना संध्याकाळ कशी गेली हे विचारीत आणि सकाळी सकाळ कशी आहे हे विचारीत, आणि सअद आपली हकीगत सांगत. दिवसातून दोन वेळा, तोच प्रश्न. रुग्णालयात काम केलेल्या कोणत्याही माणसाला या नोंदीचे मोल लगेच कळेल. कालच्यापेक्षा आज कसे आहे, हे रोज विचारल्यावाचून कोणतीही जखम समजत नाही. आणि या दोन प्रश्नांच्या मधले सारे तास, दिवसाचे आणि रात्रीचे, हजरत रुफैदा (रजि.) तेथे होत्या.

जखम धरत आली होती. मधल्या काळात बनू कुरैजाच्या प्रकरणी निवाडा देण्यासाठी सअद (रजि.) यांना बोलावणे आले, तेव्हा त्यांना चामड्याची गादी घातलेल्या गाढवावर बसवून नेण्यात आले आणि निवाड्यानंतर ते पुन्हा तंबूत परतले. मग एका रात्री जखम अचानक फुटली. मस्जिदीत शेजारीच बनू गिफारच्या लोकांचा एक तंबू होता. आपल्याकडे काहीतरी वाहत येते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी शेजारच्या तंबूला हाक दिली. ते सअद (रजि.) यांचे रक्त होते. त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूने रहमानचे सिंहासन हलले, असे हदीसमध्ये आले आहे.

वाचकहो, येथे क्षणभर तंबूतल्या त्या स्त्रीचा विचार करावा. सुमारे महिनाभर जपलेला रुग्ण, त्यातही सअद बिन मुआज यांच्यासारखा, हातचा गेला. तिने दुर्लक्ष केले, असे कोणी म्हटले नाही. तंबू बंद झाला, असेही कोठे येत नाही. बरे करणे अल्लाहच्या हाती आहे आणि सेवा करणे माणसाच्या हाती, हे आपण तोंडाने रोज म्हणतो. आपला माणूस दवाखान्यात दगावला की मात्र पहिला हात उगारला जातो तो बहुधा तेथे उभ्या असलेल्या नर्सवर.

तर आता थोडे आपल्या गल्लीतील दवाखान्याकडे वळू. डॉक्टर रुग्णाला चार-पाच मिनिटे पाहतात. त्यांची गर्दीच तेवढी असते. त्या आधी आणि त्या नंतर रुग्ण असतो सिस्टरच्या हाती. ताप मोजणे, बीपी पाहणे, बोटाला सुई टोचून साखर तपासणे, जखम धुऊन पट्टी करणे, सलाईन लावणे आणि ते संपत आले की लक्ष ठेवणे, बाळाला लस देणे, ती लस 2 ते 8 अंश तापमानात राहते आहे ना हे फ्रिज उघडून रोज पाहणे, वापरलेली सुई उघड्यावर न टाकता जाड डब्यात टाकणे आणि प्रत्येक रुग्णामागे हात धुणे. हे डोळ्यांना दिसणारे काम झाले. न दिसणारे काम याहून मोठे आहे. मधुमेहाच्या रुग्णाने पायाला लागलेले सांगितले नाही, पण तो लंगडत आत आला हे तिने पाहिलेले असते. कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आजीने मान डोलावली, पण तिला समजलेले नाही हे तिला कळते आणि ती पुन्हा समजावते. गेल्या महिन्यात येऊन गेलेली गरोदर स्त्री या महिन्यात आली नाही, हे तिच्या वहीत असते. घरातल्यांपासून लपविलेली गोष्ट बाई तिच्या कानात सांगते, आणि ती अमानत तिला सांभाळावी लागते. डॉक्टरांच्या अधिकारातले औषध आपल्या मनाने न देणे, हाही तिच्या कर्तव्याचाच भाग आहे. एक सुई मारून द्या म्हणून हट्ट धरणाऱ्यांची तिच्यापुढे रोजच रांग असते.

खेड्यापाड्यांत तर उपकेंद्रातील नर्सबाई हाच कित्येक कुटुंबांचा आरोग्यसेवेशी येणारा पहिला संबंध असतो. ज्याचे पाहणारे कोणी नाही अशा माणसाकडे सर्वांत आधी तिचेच पाऊल वळते. इब्ने इसहाक यांनी सांगितलेली ती दुसरी गोष्ट आपल्याला येथे पुन्हा भेटते.

असे असता आपल्या घरांतून मुलगी नर्सिंगला जायचे म्हणाली की काय होते? इमाम म्हणून माझ्याकडे येणाऱ्या वडिलांचा प्रश्न बहुधा एकच असतो : हे जायज आहे का? परपुरुषांना हात लावावा लागेल, रात्रपाळी असेल, उद्या स्थळे येणार नाहीत. यांतील स्थळांची काळजी दीनची नव्हे, आपल्या रिवाजाची आहे, तिच्याविषयी मी वेगळे काही बोलत नाही. ज्या समाजाने सहाबियांच्या नावावरून मुलींची नावे ठेवावीत आणि त्यांचे काम करणारी मुलगी सून म्हणून नको म्हणावे, त्याने आधी आपला हिशेब तपासावा.

उरलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या विद्वानांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. इमाम बुखारी यांनी आपल्या सहीहमध्ये पुरुषाने स्त्रीवर आणि स्त्रीने पुरुषावर उपचार करावेत का, या प्रश्नाचे स्वतंत्र प्रकरण केले आहे आणि त्याखाली हजरत रुबैअ बिन्ते मुअव्विज (रजि.) यांची हदीस आणली आहे. प्रेषितांसोबत (स.) मोहिमेवर जाऊन त्या योद्ध्यांना पाणी पाजीत, त्यांची सेवा करीत आणि जखमींना व शहीदांना मदीनेस परत आणीत. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) तर सात मोहिमांत गेल्या. त्या मागे राहून स्वयंपाक करीत, जखमींवर उपचार करीत आणि आजाऱ्यांकडे पाहत. यावर भाष्य करताना इब्ने हजर यांनी सांगितले आहे की गरज असेल तेव्हा परक्याचा उपचार जायज आहे, आणि पाहणे, स्पर्श करणे हे सर्व त्या गरजेच्या मापात राहावे. म्हणजे पट्टीसाठी हात उघडा करावा लागला तर हात, पाय लागला तर पाय. पुरुष रुग्णाला पुरुष परिचारक सहज मिळत असेल तर तो अधिक चांगला. एकांत टाळता येईल अशी व्यवस्था असावी. हिजाबात आणि गणवेशात विरोध नाही. एवढे पाळले की मार्ग मोकळा आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू वडील मंडळी क्वचितच विचारात घेतात. आपली लेक, बहीण, पत्नी बाळंत होते तेव्हा तिच्याजवळ स्त्रीच असावी असा आपला आग्रह असतो, आणि तो योग्य आहे. मग ती स्त्री कोणाच्या घरची असेल? दुसऱ्यांनी आपल्या मुली शिकवाव्यात आणि आपण आपल्या घरी ठेवाव्यात, हा कसला आग्रह? इमाम गजाली यांनी वैद्यक हे फर्जे किफाया, म्हणजे समाजातील कोणीतरी पार पाडलेच पाहिजे असे कर्तव्य, ठरविले आहे. सर्वांची धाव फिकहच्या वादांकडे असते आणि कित्येक शहरांत मुसलमान वैद्य सापडत नाही, अशी तक्रारही त्यांनी केली आहे. ही तक्रार माझ्यासारख्या मदरशात शिकलेल्यांविषयीच आहे, हे मान्य करूनच मी ती येथे सांगतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. काही खासगी दवाखान्यांत दहावी-बारावी झालेल्या मुलीला चार दिवसांत सुई मारायला शिकवतात, तुटपुंजा पगार देतात आणि नर्स म्हणतात. हे मुलीचेही नुकसान आहे आणि रुग्णाचाही जीव धोक्यात घालणारे आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा हानीची भरपाई देण्यास जबाबदार आहे, हे हदीसमध्येच आलेले आहे. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग, यांपैकी मान्यताप्राप्त शिक्षण घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी करावी. आणि मुलगा जायचे म्हणाला तर त्यालाही अडवू नये. पुरुष रुग्णांसाठी पुरुष परिचारक हवेत असे म्हणायचे आणि त्या कामाला हसायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. कैरोत इ.स. 1284 मध्ये सुलतान कलावून यांनी उभारलेल्या शिफाखान्यात रुग्णसेवेसाठी पुरुष आणि स्त्रिया दोन्ही नेमलेले होते, आणि त्यांचे वेतन वक्फमधून दिले जाई. आपल्या देशातही दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील परिचर्या महाविद्यालयाला रुफैदा हेच नाव दिलेले आहे.

आता पुन्हा मूळ चरित्राकडे येतो. हिजरी सन 7 (इ.स. 628) मध्ये खैबरची मोहीम निघाली. अस्लमच्या स्त्रिया तीत होत्या. त्यांतील उम्मे सिनान (रजि.) यांनी पाण्याच्या पखाली शिवण्यासाठी आणि आजारी-जखमींच्या उपचारासाठी सोबत येण्याची अनुमती मागितली आणि ती त्यांना मिळाली. त्यांच्या कबिल्यातील इतर स्त्रियांनाही ती मिळालेली होती. मस्जिदीतील तंबूची धनीण त्यांत होती. मोहिमेनंतर प्रेषितांनी (स.) तिला एका पुरुष योद्ध्याइतका हिस्सा दिला, असे वाकिदी यांच्या हवाल्याने नोंदलेले आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे कथन असे की जखमींवर उपचार करणाऱ्या स्त्रियांना लुटीतून बक्षीस मिळे, ठराविक हिस्सा नसे, आणि फुकहांनी सामान्यतः हेच धरले आहे. हिस्सा म्हणा की बक्षीस म्हणा, शुश्रूषेचे काम फुकटचे समजले गेले नाही, यात दोन्ही कथनांचे एकमत आहे. बद्रला हजरत उस्मान (रजि.) यांच्या बाबतीत जे घडले होते, तेच येथे स्त्रियांच्या बाबतीत घडले.

त्याच मोहिमेत बनू गिफारच्या स्त्रियाही शुश्रूषेसाठी निघाल्या होत्या. मस्जिदीत हजरत रुफैदा (रजि.) यांच्या शेजारी ज्यांचा तंबू होता, तोच हा कबिला. त्यांच्यात एक कोवळ्या वयाची मुलगी होती. प्रेषितांनी (स.) तिला आपल्या उंटावर मागे, सामानाच्या पिशवीवर बसवून घेतले. मुक्कामाला उंट बसला, तेव्हा पिशवीवर रक्ताचा डाग दिसला. तिची ती पहिलीच वेळ होती. ती लाजून उंटाला चिकटून बसली. प्रेषितांनी (स.) तिला दटावले नाही. पाण्यात थोडे मीठ घालून पिशवी धुऊन टाक आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बस, एवढेच सांगितले. खैबर जिंकल्यावर त्यांनी त्या स्त्रियांना मिळालेल्या संपत्तीतून वाटा दिला आणि एक कंठा स्वतःच्या हाताने त्या मुलीच्या गळ्यात घातला. तिने तो आयुष्यभर काढला नाही आणि तो आपल्यासोबत दफन करण्यास सांगून ठेवले. पुढे ती पाकीसाठी जेव्हा जेव्हा पाणी घेई, त्यात मीठ घालीत असे. आपल्या अखेरच्या गुस्लच्या पाण्यातही मीठ घालावे, अशी वसीयत तिने केली होती.